कर्नलच्या भीतीवर ठराव करण्याआधी : सीमाभागातील पतसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी व अथणी भागातील सहकारी पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था

स. न. वि. वि.

आपल्यासारख्या संस्थांचे संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारे आम्ही काही तंत्रज्ञ हे पत्र लिहीत आहोत. ‘हल्ला थेट कर्नलवर होतो, साधा अँटिव्हायरस पुरत नाही, आमचं उत्पादन घ्या’ असं सांगणारी कोटेशनं संचालक मंडळाच्या बैठकीपुढे येतात. त्याच बैठकीत दुसरा सूरही निघतो : ‘गल्लीतल्या पतसंस्थेला कोण हॅक करायला बसलंय? आणि कर्नलचं म्हणाल तर ती चोर आत शिरल्यानंतरची गोष्ट.’ पहिल्या सुराला घाबरून पैसे मंजूर होतात, दुसऱ्यावर विसंबून काहीच होत नाही. आमचा आक्षेप दोन्हींवर आहे. कर्नलमधला दोष किती गंभीर, हे नुसत्या दोषाकडे बघून कळत नाही. तो दोष ज्या यंत्रावर आहे तिथे आणखी कोणाकोणाचे प्रोग्राम चालतात, आणि त्यांना एकमेकांपासून रोखणारी कर्नलशिवाय दुसरी भिंत आहे का, हे आधी बघावं लागतं. हा प्रश्न न विचारता केलेला खर्चाचा ठराव अंधारातला ठरतो, आणि न केलेलाही.

कर्नल म्हणजे विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइडचा गाभा. मेमरीचा कोणता भाग कोणत्या प्रोग्रामचा आणि कोणती फाइल कोणी उघडायची, हे तो ठरवतो. काउंटरवरचा कारकून तिजोरीत स्वतः हात घालत नाही; तो व्हाउचर करतो, कॅशियर तपासतो आणि मग पैसे देतो. प्रोग्रामही कर्नलकडे असंच व्हाउचर पाठवतात, त्याला सिस्टिम कॉल म्हणतात. कर्नलनं व्हाउचर तपासण्यात चूक केली, तर कारकुनाच्या अधिकारात चाललेला प्रोग्राम कॅशियर होऊन बसतो. शिवाय तिजोरीच्या खोलीत कॅशियर एकटा नसतो. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी कन्व्हर्टर, सॉफ्टवेअरचं डोंगल (परवान्याची यूएसबी चावी), अँटिव्हायरस यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना चालवणारे छोटे प्रोग्राम, बहुधा त्याच खोलीत, त्याच अधिकारानं बसलेले असतात. ड्रायव्हरांना असं आत बसवावं की बाहेर ठेवावं, यावर संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम (बाहेरच्या बाजूचे) आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स (आतल्या बाजूचे) यांचा जाहीर वाद १९९२ साली झाला. बाहेर ठेवण्याच्या बाजूचा युक्तिवाद सुरक्षेच्या दृष्टीनं सरस होता असं आमचं मत आहे, पण आपल्या टेबलावर जी यंत्रं आहेत ती दुसऱ्या पद्धतीची आहेत आणि त्यांच्यासोबतच दिवस काढायचे आहेत. लिनक्सचा कोड आज चार कोटी ओळींच्या घरात आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक ड्रायव्हरांचा आहे. एवढ्या कोडमध्ये चुका निघत राहणारच.

आता ‘चोर आत आल्यावरची गोष्ट’ या म्हणण्याकडे येऊ. बहुतेक वेळा ते खरं असतं. कर्नलमधले बरेचसे दोष स्थानिक प्रकारचे असतात, म्हणजे हल्लेखोराला त्या यंत्रावर आपला एखादा प्रोग्राम आधीच चालवता यायला हवा. पण काही दोष दूरस्थ असतात. तिथे कोणी लिंक दाबावी लागत नाही की पासवर्ड चोरावा लागत नाही. केबल जोडलेली आहे एवढं पुरतं. २०१७ चं वॉनाक्राय त्यातलं. फाइल शेअरिंगचा एसएमबी-१ हा जुना प्रोटोकॉल विंडोजच्या कर्नलमध्येच चालतो, आणि त्यातल्या चुकीतून ते रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरलं. मायक्रोसॉफ्टनं पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, १४ मार्चला दिला होता, हल्ला १२ मे रोजी सुरू झाला. मधले ५९ दिवस ज्यांनी पॅच लावला नाही, बहुतेक तेच अडकले. २०१९ मध्ये दुरून दुसऱ्या यंत्रावर काम करू देणाऱ्या रिमोट डेस्कटॉपच्या कर्नल ड्रायव्हरमध्ये ब्लूकीप नावाचा तसाच दोष निघाला आणि २०२० मध्ये एसएमबीच्या नव्या आवृत्तीत आणखी एक. मोठ्या आणि लहान संस्थेत असा आपोआप पसरणारा किडा (वर्म) भेद करत नाही. त्याला पोर्ट ४४५, म्हणजे फाइल शेअरिंगचं नेटवर्कवरचं दार, उघडं दिसलं की तो शिरतो, मग ते मुंबईचं असो वा जांबोटीचं.

स्थानिक दोषांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत. लिनक्समधला डर्टी काऊ हा दोष २००७ पासून कर्नलमध्ये होता आणि २०१६ मध्ये दुरुस्त झाला. नऊ वर्षं जगभरातल्या सर्व्हरांवर तो होता. २०२२ मधला डर्टी पाइप कसा सापडला ते बघण्यासारखं आहे. वेब सर्व्हरच्या लॉग फाइली अधूनमधून खराब होतात एवढीच तक्रार होती. मॅक्स केलरमन यांनी त्या तक्रारीचा पिच्छा पुरवला, तेव्हा कळलं की त्याच चुकीतून वाचण्यापुरतीच परवानगी असलेली फाइलही कोणी बदलू शकतो. सुरक्षेचे दोष म्हणजे मुळात साध्याच चुका, असं टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत. त्या म्हणण्याचा पॅच लावणाऱ्यासाठी एक थेट अर्थ निघतो : ‘सुरक्षेचं अपडेट’ असा शिक्का असलेलीच अपडेटं तेवढी लावायची, ही पद्धत कर्नलच्या बाबतीत धोक्याची आहे. आज ‘फाइल खराब होण्याची चूक दुरुस्त’ अशा नावानं आलेलं अपडेट उद्या भोक बुजवणारं ठरू शकतं.

पण हा दोष ज्या यंत्रावर आहे, त्या यंत्राप्रमाणे त्याची किंमत बदलते.

काउंटरवरचा संगणक घ्या. त्यावर एकच कारकून काम करतो आणि बऱ्याच संस्थांमध्ये त्याचं लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटरचं असतं, कारण पासबुक प्रिंटर अडला की तो स्वतः ड्रायव्हर टाकू शकला पाहिजे. अशा यंत्रावर हल्लेखोराला कर्नलच्या दोषाची गरजच नसते. कारकुनानं बनावट इनव्हॉइसची फाइल उघडली की ॲडमिनचे सगळे अधिकार हल्लेखोराच्या हाती जातात. ॲडमिन आणि कर्नल यांच्यामधल्या रेषेला खुद्द मायक्रोसॉफ्ट सुरक्षेची सीमा मानत नाही. म्हणजे तिथे लाखभर रुपयांचं ‘कर्नल संरक्षण’ घालण्याआधी कारकुनाचं लॉगिन साधं करणं आणि प्रिंटरच्या कामासाठी वेगळं ॲडमिन लॉगिन शाखाधिकाऱ्याकडे लिफाफ्यात ठेवणं, हे बिनखर्चाचं काम आधी यायला हवं. ते केल्यावरच त्या यंत्रावर कर्नल ही भिंत म्हणून उभी राहते.

मुख्य कार्यालयातला टर्मिनल सर्व्हर याच्या अगदी उलट. सात-आठ शाखांमधले कर्मचारी रिमोट डेस्कटॉपनं एकाच विंडोज सर्व्हरवर येऊन काम करतात, तेव्हा त्या सगळ्यांमध्ये कर्नलशिवाय दुसरी भिंत नसते. एका शाखेतल्या एका कारकुनाचं लॉगिन फुटलं आणि सर्व्हरचा कर्नल जुना असला, तर पूर्ण संस्थेची रोजकीर्द आणि खतावणी त्याच्या हाती गेली. इथे स्थानिक दोषालाही आम्ही दूरस्थ दोषाइतकंच गंभीर धरतो. आणि असा सर्व्हर रिमोट डेस्कटॉपच्या पोर्ट ३३८९ वर थेट इंटरनेटला उघडा असेल, तर हे पत्र पुढे वाचण्याआधी तो व्हीपीएनच्या (खासगी सुरक्षित जोडणीच्या) आड घ्यायला सांगा.

तिसरं ठिकाण आपल्या इमारतीत नसतंच. ते सीबीएस, म्हणजे कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर, पुरवणाऱ्या कंपनीच्या क्लाउडमध्ये असतं. अनेक संस्थांची सॉफ्टवेअरं एकाच लिनक्स यंत्रावर वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवली जातात. कंटेनर बाहेरून स्वतंत्र यंत्रासारखे दिसतात, पण त्यांचा कर्नल एकच असतो. शेजारच्या कंटेनरमधल्या दुसऱ्या संस्थेचं सॉफ्टवेअर फुटलं आणि कर्नलमध्ये दोष असला, तर आपलाही डेटा त्याच छपराखाली आहे. २०२४ मधला नेटफिल्टरचा, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या नेटवर्क गाळणीचा, दोष अशा ठिकाणी किती जलद हत्यार बनतो ते दाखवतो. दुरुस्ती जानेवारीत आली, ५.१४ ते ६.६ या आवृत्त्यांवर चालणारा हल्ल्याचा कोड मार्चमध्ये सगळ्यांसाठी खुला झाला, आणि मेअखेर अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं तो ‘प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरला जात आहे’ या यादीत घातला. म्हणून कराराच्या वेळी व्हेंडरला लेखी विचारा : आमची यंत्रणा स्वतंत्र व्हर्च्युअल मशीनवर आहे की सामाईक कर्नलवरच्या कंटेनरमध्ये? त्या यंत्राचा कर्नल कोण अपडेट करतं आणि दुरुस्ती आल्यावर किती दिवसांत? उत्तरात दिवसांचा आकडा नसेल, तर ते उत्तर नव्हे.

पिग्मी एजंटाचा फोन कोणी मोजतच नाही. वसुलीचं ॲप ज्या अँड्रॉइडवर चालतं, त्याचा गाभा लिनक्स कर्नलच आहे. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते. तिचा शेवटचा आकडा ०१ असेल, तर त्या महिन्याच्या वरच्या थरातल्याच दुरुस्त्या आल्या आहेत. कर्नल आणि चिपच्या दुरुस्त्या ०५ या तारखेच्या पातळीत येतात. वर्षभर जुनी तारीख दाखवणारा आणि कंपनीनं अपडेट बंद केलेला फोन वसुलीसाठी वापरू नये. एजंटाला स्वतःच्या खर्चानं नवा घ्यायला सांगण्यापेक्षा संस्थेनं तो द्यावा, आणि त्यात वसुलीच्या ॲपशिवाय दुसरं काही टाकू देऊ नये.

सहकारी क्षेत्रावर जे मोठे हल्ले झाले त्यांची वाट कोणती होती, हेही समोर ठेवतो, कारण प्रमाणाचं भान तिथून येतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्यात एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन खोट्या मंजुऱ्या दिल्या गेल्या. जुलै २०२४ अखेर सहकारी आणि ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअर शिरलं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. सुरक्षा संशोधकांच्या विश्लेषणात त्या शिरकावाचं मूळ एका भागीदाराच्या चुकीच्या पद्धतीनं मांडलेल्या जेन्किन्स (सॉफ्टवेअर तयार करून बसवण्याचं साधन) सर्व्हरपर्यंत गेलं. दरवाजा दोन्ही वेळा कर्नलचा नव्हता. कर्नल अशा हल्ल्यात नंतर येतो : आत शिरल्यावर अँटिव्हायरस मारायला, लॉग पुसायला आणि बॅकअपपर्यंत पोचायला.

अँटिव्हायरस मारण्याची रीत संचालकांनी नीट समजून घ्यावी, कारण कोटेशनचा संबंध थेट तिच्याशी आहे. ६४ बिट विंडोजमध्ये डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर सहसा चढत नाही. म्हणून टोळ्या स्वतःचा ड्रायव्हर लिहीत बसत नाहीत. एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा, रीतसर सही असलेला, पण दोष असलेला जुना ड्रायव्हर त्या सोबत आणतात, तो चढवतात आणि त्याच्यातल्या भोकातून कर्नलमध्ये शिरून अँटिव्हायरसची प्रक्रिया बंद पाडतात. रॉबिनहूड नावाच्या रॅन्समवेअरनं मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर असाच वापरल्याचं २०२० मध्ये उघड झालं, नंतर ब्लॅकबाइटनं ग्राफिक्स कार्डाच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरचा. म्हणजे कर्नलमध्ये बसणारी वस्तू जितकी कमी, तितकं बरं. आणि विकायला आलेलं सुरक्षेचं उत्पादन हीसुद्धा कर्नलमध्ये बसणारी वस्तूच असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ते १०:५७ या ७८ मिनिटांत जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. कोणी हल्ला केला नव्हता. ड्रायव्हर कर्नलमध्ये होता, त्यानं आपल्या वाट्याच्या मेमरीबाहेरचं वाचलं आणि सगळं यंत्रच कोसळलं. बरीच यंत्रं हातानं सेफ मोडमध्ये नेऊन ती फाइल काढावी लागली. अशी उत्पादनं घेऊच नयेत असं आम्ही म्हणत नाही; चांगली आहेत त्यांचा उपयोग होतो. पण विकणाऱ्याला विचारा : तुमचा कर्नल ड्रायव्हर अडकला तर कणकुंबीच्या शाखेत सेफ मोड लावायला कोण आणि किती तासांत येणार? अपडेट सगळ्या यंत्रांवर एकदम येतं की आधी एका यंत्रावर घेता येतं?

कोटेशनसोबत बहुतेक वेळा स्कॅनचा अहवाल जोडलेला असतो. ‘आपल्या सर्व्हरवर ६०० दोष’ अशा मथळ्यानं संचालक गडबडतात. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलचा गट स्वतःच दोषांना सीव्हीई (जागतिक यादीतला दोषाचा) क्रमांक देतो आणि सुरक्षेशी संबंध असू शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला देतो, म्हणून वर्षाला हजारोंनी क्रमांक निघतात. त्यातले बरेच अशा ड्रायव्हरांचे असतात जे आपल्या सर्व्हरवर कधी चढतच नाहीत. दुसरी गोम आवृत्तीची. रेड हॅटसारख्या कंपन्या कर्नलचा क्रमांक जुनाच ठेवतात आणि दुरुस्त्या मागे आणून त्यात बसवतात. रेड हॅट ८ वर ४.१८ आणि ९ वर ५.१४ असाच आकडा शेवटपर्यंत दिसतो. फक्त आकडा बघणारा स्कॅनर अशा दुरुस्त यंत्रालाही लाल रंगात दाखवतो. अहवाल देणाऱ्याकडून तीनच गोष्टी लेखी घ्या : यातले किती दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जात असल्याच्या यादीत आहेत, किती दूरस्थ आहेत, आणि कंपनीनं मागे आणलेल्या दुरुस्त्या वजा केल्या आहेत का. सहाशेतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, पण जे उरतात ते त्याच आठवड्यात बुजवावे लागतात.

आता कामाचं. इथे आम्ही थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात चुका याच ठिकाणी होतात.

पॅच लावला, पण रीस्टार्ट केला नाही, तर कर्नल जुनाच चालतो. लिनक्समध्ये ‘युनेम -आर’ (uname -r) या आज्ञेनं जो आकडा येतो तो चालू कर्नलचा असतो; डिस्कवर बसवलेला नवा असूनही मेमरीत जुना महिनोन् महिने राहू शकतो. दोन्ही आकडे ताडून बघायला सांगा. विंडोजमध्ये वेगळीच फसगत आहे. कर्मचारी रोज संध्याकाळी शट डाउन करतात आणि सकाळी यंत्र नव्यानं सुरू झालं असं समजतात. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच परत आणतं. खरा नवा आरंभ ‘रीस्टार्ट’नं होतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज बंद होणारं यंत्रही तिथे वीस-वीस दिवस सलग चालू असल्याचं दाखवतं. काउंटरच्या यंत्रांवर फास्ट स्टार्टअप बंद करा. एसएसडी असेल तर सुरू होण्याच्या वेळेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या शाखांमध्ये पावसाळ्यात ब्रॉडबँड गेलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, आणि डेटा वाचवायला कोणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ लावून ठेवतं. ते लावलं की विंडोजची बरीच अपडेटं उतरतच नाहीत, आणि पाऊस संपल्यावरही ते तसंच राहतं. अशा शाखेसाठी मुख्य कार्यालयात महिन्याचं एकत्रित अपडेट मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगवरून उतरवून, तपासलेल्या पेन ड्राइव्हवरून नेऊन बसवावं. महिन्यातून एक फेरी पुरते.

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री येतात, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी हाती पडतात. बुधवारी ती फक्त एका यंत्रावर घ्या आणि त्यावर पासबुक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, सीबीएस आणि नुडीचं कन्नड किंवा आपलं मराठी टायपिंग चालतं का ते बघा. शनिवारी कामकाज आटोपल्यावर बाकी काउंटर, रविवारी सर्व्हर. हेस्कॉमनं देखभालीसाठी वीज बंद ठेवल्याचं जाहीर केलेला दिवस टाळा आणि सर्व्हरचा यूपीएस किमान तासभर टिकतो याची आधी खात्री करा; अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर यंत्र सुरूच होत नाही. लिनक्स सर्व्हरवर ‘बूट’चं वेगळं पार्टिशन ५०० एमबीचं असेल तर जुन्या कर्नलांनी ते भरतं आणि नवा कर्नल बसता बसता अडतो. ती त्रुटी अपडेटच्या लांबलचक नोंदीत एका ओळीत येऊन जाते, कोणी वाचत नाही. चालू कर्नल आणि त्याच्या मागचा एक ठेवून बाकीचे काढा. मागचा ठेवायचाच, कारण रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) कार्डाचा बाहेरून टाकलेला ड्रायव्हर नव्या कर्नलवर तयार झाला नाही, तर सर्व्हर सुरू होत नाही आणि सोमवारी सकाळी दहा वाजता मागच्या कर्नलवरच परत यावं लागतं.

एसएमबी-१ अजून कुठे चालू असेल तर बंद करा. ‘विंडोज फीचर्स’च्या यादीत ते सापडतं. बंद केल्यावर एक तक्रार हमखास येते : जुन्या झेरॉक्स मशीनचं ‘स्कॅन टू फोल्डर’ थांबतं. मशीनचं फर्मवेअर बदलता येतं का बघा, नाहीतर स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या. त्या एका सोयीसाठी पूर्ण नेटवर्क उघडं ठेवणं परवडणारं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांना हेच अडतं, कारण जुन्या सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवायला एसएमबी-१ लागतो. तिथे ते मशीन वेगळ्या नेटवर्कवर टाकावं. काउंटर ते काउंटर असं पोर्ट ४४५ विंडोजच्याच फायरवॉलमधून बंद करता येतं. काउंटरला बोलायचं असतं ते सर्व्हरशी, शेजारच्या काउंटरशी नव्हे.

दोष असलेल्या ड्रायव्हरांविरुद्ध विंडोज १० आणि ११ मध्येच एक साधन आहे : विंडोज सिक्युरिटीमध्ये, ‘डिव्हाइस सिक्युरिटी’खाली ‘कोर आयसोलेशन’, त्यात ‘मेमरी इंटिग्रिटी’. ते चालू केलं की कर्नलमध्ये काय चढू द्यायचं याची तपासणी वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात होते आणि मायक्रोसॉफ्टची दोषी ड्रायव्हरांची यादीही लागू होते. अडचण दोन ठिकाणी येते. जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरच्या डोंगलचा किंवा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरचा ड्रायव्हर त्यात बसत नाही. विंडोज त्याचं नाव दाखवतं, तेव्हा उत्पादकाकडून नवा मागवा किंवा ती वस्तू बदला. आणि इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर यंत्र मंदावतं, कारण त्यासाठी लागणारी सोय त्या चिपमध्ये नाही. म्हणून आधी एका यंत्रावर लावून बघा. लिनक्स सर्व्हरवर सामान्य युजरला ‘यूजर नेमस्पेस’ (स्वतःचा वेगळा कप्पा करून त्यात ॲडमिनसारखे अधिकार घेण्याची सोय) उघडू न देणारी सेटिंग लावली असती, तर वर सांगितलेला नेटफिल्टरचा हल्ला तिथेच अडला असता. मात्र काही कंटेनर आणि ब्राउझरचं संरक्षण त्याच सोयीवर चालतं, म्हणून व्हेंडरला विचारल्याशिवाय लावू नये.

विंडोज १० चा साधा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ रोजी, विंडोज सर्व्हर २०१२ चा ऑक्टोबर २०२३ मध्ये. या यंत्रांमध्ये पुढे जो कर्नलचा दोष निघेल तो पैसे देऊन मुदतवाढ घेतल्याशिवाय कायम तसाच राहणार. अंदाजपत्रकात पैसा असेल तर तो आधी इथे जायला हवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण इंटेलची आठवी पिढी लागते, त्यामुळे काही यंत्रं बदलावीच लागतील. सगळी एकदम जमत नसतील तर जे यंत्र बाहेरच्या ई-मेल आणि पेन ड्राइव्ह घेतं ते आधी, आणि फक्त सीबीएसवर चालणारं काउंटर नंतर.

बॅकअपची एक प्रत डिस्क काढून कपाटात ठेवलेली असावी. कर्नल ताब्यात घेतलेला हल्लेखोर त्या यंत्राला जोडलेल्या प्रत्येक डिस्कपर्यंत आणि नेटवर्क फोल्डरपर्यंत पोचतो. केबल काढलेल्या डिस्कपर्यंत पोचत नाही. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून आदल्या दिवसाची रोजकीर्द जुळते का ते बघा. लॉगचंही तसंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कर्नलपर्यंत पोचलेला माणूस त्याच यंत्रावरचे लॉग पुसून जातो, म्हणून ते चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर पाठवले पाहिजेत. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची चौकट २०१८ पासून लागू आहे. पतसंस्था तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि म्हणूनच आपल्याकडे हे कोणी तपासायला येत नाही. ठेवी तर त्याच गावच्या, त्याच माणसांच्या आहेत.

आमची विनंती अशी. पुढच्या मासिक बैठकीत एक ठराव करून एक वही सुरू करा. प्रत्येक यंत्रासाठी एक पान : यंत्र कुठे आहे, त्यावर कोणकोण लॉगिन करतं, त्यातलं कोण ॲडमिन आहे, कर्नलची चालू आवृत्ती, आधार कधी संपतो, शेवटचा रीस्टार्ट कधी झाला. वीस यंत्रांच्या संस्थेला ही वही भरायला एक दिवस पुरतो. ती भरून झाली की आलेलं कोटेशन तिच्या शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीला विचारा, हे यातल्या कोणत्या पानासाठी आहे? वही भरताना अडलं, व्हेंडरच्या उत्तरातला एखादा शब्द कळला नाही किंवा अहवालातले सहाशे गाळून सहा करायचे असतील, तर आपल्या संस्थेची यंत्रं जो तंत्रज्ञ बघतो त्याला बैठकीला बोलवा आणि हे पत्र त्याच्या हातात द्या.

आपले,
सीमाभागातील सहकारी संस्थांच्या संगणक यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ
बेळगाव